बरी झाले की…

सोमवारची सकाळ. दौंडहून सुटणाऱ्या शिरूर गाडीत नाझियानं खिडकीची जागा धरली, तेवढ्यात एक भलंमोठं खोकं तिच्या मांडीवर येऊन टेकलं.

"जरा धरता का? वरच्या कॅरियरला मावंना."

खोक्याच्या मागून एक चेहरा डोकावला. दाढी दोन दिवसांची, डोळे जागरणानं लाल, आणि ओठांवर मात्र कसनुसं, माफी मागणारं हसू.

"काय आहे यात?"

"हवेची गादी. मोटारवाली. आंथरुनाला खिळल्यालं मानूस असलं की…"

"माहीत आहे मला. नवी आणलीत?"

"न्हाई. रेल्वे कॉलनीतल्या एका आजोबांची हाय, हॉस्पिटलातनं पत्ता घावला. परवा गेले ते. त्यांच्या लेकानं दिली." तो जरा थांबला. "भ्या न्हाई ना वाटत? मेल्याल्या मानसाची म्हनून?"

"मला नाही वाटत. तुम्हाला वाटतं?"

"मला वाटतंय थोडं… म्हनून तर तुमच्या मांडीवर ठिवली."

नाझिया खुदकन हसली, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. मेलेल्या माणसाची गादी मांडीवर, दुसरं कुणीतरी तिची वाट बघत पडलेलं, आणि आपण हसतोय! पण तोही हसत होता. कितीतरी दिवसांनी हसला असावा. हसून झाल्यावर त्यानं गालावरून हात फिरवला, जणू हसू कुठं चिकटून राहिलंय का ते बघत होता.

"वर जाड गोधडी टाकू नका हं," ती म्हणाली. "एकच पातळ चादर. नाहीतर गादीचा उपयोग होत नाही."

"डॉक्टर हाय का तुम्ही?"

"नाही. एम.एस.डब्ल्यू. करतेय पुण्यात. शेवटचं वर्ष. आजारी माणसाच्या घरी जायचं, बसायचं, त्यांचं ऐकायचं, घरच्यांना आधार द्यायचा…"

"बसायचं आन् ऐकायचं? त्याला कॉलेज लागतं?"

"तुमच्या ओळखीत किती आहेत अशी, नुसतं बसून ऐकणारी माणसं?"

गाडी काष्टीच्या पुढं आली, बाहेर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली होती, धुळीनं काचा पिवळ्या झाल्या होत्या.

"एकबी न्हाई," तो शेवटी म्हणाला.

शिरूर आलं. उतरताना त्यानं खोकं उचललं, "उपकार झाले" म्हणाला आणि गर्दीत दिसेनासा झाला. नाव विचारायचं राहिलं. दोघांचंही.

नाझिया तांबोळी दौंडची. वडील मीरासाहेब शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. तीन महिन्यांच्या फील्डवर्कसाठी कॉलेजनं तिला शिरूरच्या एका संस्थेत धाडलं होतं. ज्यांच्यावर आता इलाज उरलेला नाही, अशा माणसांच्या घरी जाऊन ही संस्था दुखणं हलकं करायची. औषध-मलमपट्टी करुणा सिस्टर बघायच्या आणि माणसांशी बोलायचं काम नाझियाचं. शिरूरमध्ये ती खोली करून राही, शनिवार-रविवारी घरी जाई.

मंगळवारी सिस्टरांनी तिला घोडनदीकडच्या एका गल्लीत नेलं. पत्र्याचं घर, दारात तुळस नव्हे तर मेंदीचं झाड, आत ऊद जाळल्याचा वास, आणि त्या वासाखालून वर येणारा दुसरा वास… तो नाझियाला आता ओळखता येत होता. खाटेवर तीच हवेची गादी. गादीवर पातळ चादर. आणि खाटेशेजारी बसून आईचे केस विंचरत असलेला तो.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. कंगवा हवेतच थांबला.

"एकच चादर टाकलीय," तो पुटपुटला.

तो शाकीर मणियार. रांजणगावच्या एका कंपनीत लाइनवर कामाला. वडील लहानपणीच गेलेले. आई जन्नतबी. त्यांनी तीस वर्षं डोक्यावर पेटारा घेऊन गावोगावच्या बाजारांत बायकांना बांगड्या भरल्या आणि पोराला मोठं केलं. अंगावरून जायला लागलं तेव्हा लाजेपोटी वर्षभर कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तोवर पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर पार आत पोचला होता. पुण्याला किरणांचे शेक देऊन झाले होते. दिवाळीत डॉक्टरांनी शाकीरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता घरी न्या.

शाकीर कामावर गेला की शेजारच्या झुंबरबाई जन्नतबींपाशी बसत. बाकी सगळं तो करायचा. पेज भरवणं, कूस बदलणं, लुगड्याचे बोळे धुणं. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून म्हणत, "लेकीगत करतो गं बाई." त्यात कौतुक किती आणि कीव किती, ते त्यांनाच ठाऊक.

जन्नतबींनी पहिल्याच दिवशी नाझियाचं मनगट धरलं, बोटं जरा दाबून बघितली. "दोन-चारचं माप. हाड नाजूक हाय तुझं. बरी झाले की भरते तुला. काचंच्या, हिरव्यागार."

बरी झाले की. हे त्यांच्या तोंडी सारखं असायचं. बरी झाले की पत्रा बदलू. बरी झाले की पेटारा झुंबरबाईच्या सुनेला शिकवते. बरी झाले की दौंडला जाईन म्हणते, मेहमूदाकडं… आणि इथं त्या गप्प व्हायच्या. मेहमूदा त्यांची धाकटी बहीण. अकरा वर्षं बोलणं बंद होतं. मेहमूदानं आपल्या लेकीच्या लग्नात नवरीला बांगड्या भरायला दुसऱ्याच मणियारणीला बोलावलं होतं. कुणी दुसऱ्यानं ऐकलं असतं तर हसलं असतं. पण जिनं आयुष्यभर परक्या नवऱ्यामुलींचे हात भरले, तिलाच सख्ख्या भाचीच्या वेळी दारात पाहुणी म्हणून बसवलं होतं.

पहिल्या भेटीनंतर शाकीर नाझियाला दारापर्यंत पोचवायला आला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "अम्मीला काय ठावं न्हाई. सूज हाय म्हनून सांगितलंय. तुम्हीबी सांगनार न्हाई ना?"

"मी स्वतःहून नाही सांगणार," नाझिया म्हणाली.

त्याला 'नाही सांगणार' एवढंच ऐकू आलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी, आठवड्यातून दोनदा ती जाऊ लागली. जन्नतबींना खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागली. डिसेंबरची थंडी, पत्रा गारठलेला. शाकीरची दुसरी शिफ्ट असली की सकाळी तो घरी सापडायचा. मग चहा व्हायचा. साखर तो हमखास जास्त घालायचा.

"एवढा गोड चहा पितं का कुणी?"

"घरात गोड एवढंच उरलंय." मग तिच्याकडं न बघता, "…मंगळवार आन् शुक्रवार सोडून."

तिनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आणि त्या दिवशी फील्डवर्कच्या वहीत भेटीचा अहवाल लिहिताना तिची लेखणी एका ओळीवर बराच वेळ अडली. काळजी घेणारी व्यक्ती : मुलगा, वय सत्तावीस. थकलेला. एकटा. पुढं काय लिहायचं? की तो मान खाली घालून हसतो तेव्हा त्याच्या उजव्या भुवईपाशी घडी पडते? की शुक्रवारी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आपली पावलं आपोआप जलद होतात? वर्गात रश्मी मॅडमनी किती वेळा बजावलं होतं. पेशंटच्या घरात आपण त्यांच्यासाठी जातो, स्वतःसाठी नाही. त्यातला फरक पुसट झाला की लगेच येऊन सांगा. नाझियानं वही मिटली. सांगितलं नाही.

जानेवारीतला एक शुक्रवार. शाकीरची पहिली शिफ्ट. करुणा सिस्टर पट्टी बदलून शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या पेशंटकडं गेल्या, झुंबरबाई पाणी भरायला. घरात दोघीच. जन्नतबी डोळे मिटून होत्या. झोपल्यात असं वाटलं, तोच त्या बोलल्या.

"पोरी, तुझ्या कॉलेजात खोटं बोलायचं शिकिवत्यात का?"

"नाही, खाला."

"मग मला सांग. मी बरी व्हनार का न्हाई?"

पुस्तकात लिहिलं होतं, आधी पेशंटला काय वाटतं ते विचारा. तिनं विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतंय मी चालले." त्यांनी डोळे उघडले. "रोज तीळतीळ चाललेय. समदी म्हनत्यात बरी व्हशील. डॉक्टर म्हनतो, शाकीर म्हनतो, ती झुंबर म्हनती. मीबी म्हनते. पन अंगाला कोन फशिवनार? आता तू सांग. डोळ्यात बघून सांग."

त्या क्षणी खोटं बोलणं किती सोपं होतं! एक शब्द. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. त्या शब्दानं शाकीरचा विश्वास राहिला असता, चहा राहिला असता, मंगळवार आणि शुक्रवार राहिले असते.

"नाही होणार बऱ्या, खाला," नाझिया म्हणाली. "दुखणं कमी ठेवता येईल. ते आम्ही ठेवू. पण बरं… नाही होणार."

बाहेर कुणीतरी हंडा आपटला. जन्नतबी पत्र्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी एकच विचारलं.

"शाकीरला ठावं हाय?"

"हो."

"कवापासनं?"

"दिवाळीपासून."

तेव्हा कुठं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "दिवाळीपासनं… माझं लेकरू एकलंच उचलीत हुतं व्हय गं हे वझं?"

शाकीर दुपारी चारला घरी आला, आणि पाचला नाझियाच्या संस्थेच्या दारात उभा राहिला. अंगावर कंपनीचा निळा शर्ट तसाच.

"तुम्ही शबूद दिलता मला."

"मी म्हटलं होतं स्वतःहून सांगणार नाही. त्यांनी विचारलं."

"इचारलं म्हनून सांगायचं? चार दिवस सुखाचे हुते ते बी घालिवलं तुम्ही!" त्याचा आवाज फाटला. "अभ्यास करायला आमचंच घर घावलं का? परीक्षेत मार्क पडत्यात का याचे?"

तिला म्हणायचं होतं, मार्कांसाठी नाही… पण कशासाठी, हे सांगितलं असतं तर आणखीच चुकलं असतं.

त्यानं लेखी तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी रश्मी मॅडम पुण्याहून आल्या. सगळं नीट ऐकून घेतलं.

"खोटं बोलली नाहीस, हे बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "पण एकटीनं बोललीस, हे चुकलं. सिस्टरना थांबवायचं, मुलाला बोलवायचं, सगळ्यांनी मिळून सांगायचं. तो आईचं दुःख कामावरून येऊन एकट्यानं झेलेल, याचा विचार केलास?"

"नाही केला," नाझिया म्हणाली. मग ओठ चावून, "मॅडम, अजून एक आहे… मला तो आवडतो."

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणूनच ते सोसवेना.

"हे मला महिन्यापूर्वी सांगायला हवं होतंस."

शिरूरचं फील्डवर्क रद्द झालं. मॅडमनी तिला सणसवाडीत, बाहेरून कामाला आलेल्या मजुरांच्या वस्तीत, नव्यानं सुरुवात करायला लावली. सगळे तास पुन्हा भरायचे, म्हणजे मैत्रिणी पास होऊन जाणार आणि ही आणखी सहा महिने मागं राहणार. नाझियानं ते मुकाट्यानं घेतलं. आईला सांगितलं, कॉलेजचा निर्णय आहे. सणसवाडीत खोल्याखोल्यांतून हिंडताना मंगळवार-शुक्रवार आले की मात्र तिची नजर शिरूरकडं जाणाऱ्या गाड्यांकडं जायची.

पंधरा दिवसांनी, शनिवारी, फोन वाजला. शाकीरचा नंबर.

"मी बोलतोय… राग गेल्याला न्हाई माझा. पैलं सांगतो."

"बरं."

"अम्मी मेहमूदा खालाकडं जायाचं म्हनत्यात. उद्याच. आता म्हनत्यात, बरी व्हायची वाट न्हाई बघायची. गाडी केलीय, सिस्टर येत्यात संगं. पन खालानं घर बदललंय, फोन लागत न्हाई. दौंडात मी दुसऱ्या कुनाला वळखत न्हाई…"

नाझियानं आधी रश्मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "रविवारी तू दौंडची मुलगी आहेस. जा. पण त्यांच्या केसच्या फाइलला हात लावायचा नाही."

मीरासाहेबांनी संध्याकाळपर्यंत घर शोधून काढलं. रविवारी दुपारी गाडी गल्लीत शिरली, मागच्या सीटा काढून जन्नतबींना गादीसकट आडवं केलेलं. नाझियानं दार वाजवलं. मेहमूदाबी बाहेर आल्या, गाडीकडं बघितलं, आणि अनवाणीच धावत जाऊन आत चढल्या.

जन्नतबींनी बहिणीचा हात हातात घेतला, मनगट चाचपलं.

"कोनी भरल्या ह्या? समद्या सैल हायेत!"

"तू नव्हतीस ना," मेहमूदाबी म्हणाल्या, आणि दोघी रडता रडता हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. जन्नतबींना खोकल्याची उबळ आली तरी हसणं थांबेना.

शाकीर गाडीतून उतरून गल्लीच्या पलीकडं भिंतीला टेकून उभा राहिला होता. नाझिया अलीकडच्या भिंतीला. मधून एक सायकल गेली, एक शेळी गेली. त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं नजर काढून घेतली नाही.

"हसत्यात त्या," तो तिकडूनच म्हणाला.

"हो."

"राग हाय माझा अजून."

"असू दे," नाझिया म्हणाली.

त्याच्या भुवईपाशी घडी पडली. मग तो वळला आणि भिंतीकडं तोंड करून, लहान पोरासारखा खांदे हलवत रडला. नाझियाला गल्ली ओलांडून जावंसं वाटलं. ती गेली नाही. करुणा सिस्टर गेल्या, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नाझिया तिथंच उभी राहून ते बघत राहिली. आपल्या जागी उभं राहणं एवढं अवघड असतं, हे तिला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

रमजानच्या अकराव्या रोजाला, दुपारच्या नमाजाच्या सुमारास, शिरूरच्या घरीच जन्नतबी गेल्या. दुखणं फार झालं नाही. मेहमूदाबी उशाशी होत्या, शाकीरनं सुट्टी काढली होती. मीरासाहेबांबरोबर नाझिया मातीला आली. आत बायकांत बसली. दारातून बाहेर खांद्यावर उचललेला जनाजा दिसला, आणि पुढच्या खांद्याला शाकीर. पांढऱ्या टोपीखाली त्याचा चेहरा ओळखू येईना.

ईद झाली. एप्रिल तापला. सणसवाडीत हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर एका दुपारी नाझिया अहवालाचे कागद लावत बसली होती. रांजणगावहून येणारी कंपनीची बस थांबली. शिरूरकडं जाणारा माणूस उलट्या दिशेला येऊन इथं का उतरला, हे तिला कळायच्या आत शाकीर समोरच्या बाकड्यावर बसलाही होता. पार वाळला होता.

"करुणा सिस्टरनी सांगितलं, तुम्ही हितं असता."

"…हो."

"मी पत्र लिवलं संस्थेला. तक्रार मागं घेतली."

"आता त्याचा काही उपयोग नाही. सहा महिने गेले ते गेलेच."

"ठावं हाय. तरी लिवलं." त्यानं बाकड्याच्या कडेवरचा रंग नखानं खरवडला. "मला वाटायचं मी अम्मीला जपतोय. खरं तर मला तिच्याम्होरं रडायचं नव्हतं. तुम्ही सांगितल्यावर आम्ही दोघं रडलो. रोज रडायचो थोडं. मग बोलायचो. अब्बांचं, तिच्या बाजाराचं, तिच्या लहानपनीचं… मी सत्तावीस वर्सांत एवढं ऐकलं नव्हतं तिचं. तुमच्यामुळं झालं ते."

"माझी पद्धत चुकली होती," नाझिया म्हणाली. "तुम्ही असायला हवं होतं तेव्हा. ते माझ्या मनातून जात नाही."

"जाऊ नका देऊ. पुढच्या घराला उपेगी पडंल." तो किंचित हसला, मग गंभीर झाला. "एक इचारू? खरंच सांगायचं."

"खरं सांगितल्याचीच तर शिक्षा भोगतेय."

"मी आता पेशंटचा नातेवाईक न्हाई राह्यलो…" मागून एक ट्रेलर धडधडत गेला, तसा शाकीर थांबला. धूळ खाली बसली. "…म्हंजी, तुमच्या कॉलेजच्या नियमात… आता मी… आवडलो तर चालतो का?"

नाझियाच्या हातातले कागद वाऱ्यानं फडफडले. तिनं त्यांच्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"डिसेंबरपासून आवडता," ती म्हणाली. "चालत नव्हतं, तरी."

त्याचे कान लाल झाले. आनंदानं उड्या माराव्यात असं काही त्यात नव्हतं. घरात मयत होऊन दोन महिनेही झाले नव्हते. तिला परीक्षा द्यायची होती, मीरासाहेबांना सांगायचं होतं. तरीही काहीतरी होतं, जे आता लपवायचं नव्हतं.

"चार वाजले," ती म्हणाली. "घरी कोण असतं?"

"कोन असनार?" शाकीर म्हणाला. "सवय जाईना झालीय. कंपनीतून गेलो की हातपाय धुतो आन् सरळ खाटेकडं जातो. खाट आता तितं न्हाई. तरी उभा ऱ्हातो थोडा येळ. काय करावं ते सुचत न्हाई."

नाझियाला दोन वर्षांत दुःखी माणसांशी बोलायचं कितीतरी शिकवलं होतं. ते सगळं तिनं बाजूला ठेवलं. तिनं टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले.

"मग आज जरा उशिरा जा ना तू," ती म्हणाली.